शंभर सिट-अप्स सोडल्या आणि कंबर सुधारली : कोअरच्या व्यायामाबद्दल (नाशिक)

सीएनसी_अंबड | ७ जून, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. वय ४४, अंबड एमआयडीसीत मशीन शॉपमध्ये सुपरवायझर, राहायला सिडकोत. गेल्या श्रावणात एका सकाळी तोंड धुवायला बेसिनवर वाकलो आणि तिथंच अडकलो. ना सरळ होता येईना, ना खाली बसता येईना. बायको आणि शेजारचे काका यांनी धरून पलंगापर्यंत नेलं. पुढे एमआरआयमध्ये कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी थोडी फुगलेली निघाली. डॉक्टर म्हणाले ऑपरेशनची गरज नाही, कोअर मजबूत करा.

हे 'कोअर मजबूत करा' म्हणजे नेमकं काय करायचं, ते मात्र कोणी सांगितलं नाही. म्हणून हा धागा.

मी आपला सरळ जिममध्ये गेलो. तिथल्या मुलानं सांगितलं, रोज शंभर सिट-अप्स मारा, पोट टाइट झालं की कंबर आपोआप बरी. बारा दिवस इमानेइतबारे मारल्या. तेराव्या दिवशी दुखणं डाव्या मांडीतून पोटरीपर्यंत उतरलं. तेव्हा फिजिओथेरपिस्टकडे गेलो. त्या ताईंनी पहिल्या दिवशी एकही व्यायाम दिला नाही. मी खुर्चीतून कसा उठतो, बूट कसा घालतो, खाली पडलेली किल्ली कशी उचलतो, एवढंच पाऊण तास बघत बसल्या. मग म्हणाल्या, "तुम्ही दिवसभर कमरेतून वाकता आणि संध्याकाळी जिममध्ये जाऊन परत तेच शंभर वेळा करता."

हे ऐकलं आणि तिथून माझी समजूत बदलली. आरशात दिसणाऱ्या पोटाच्या वड्या म्हणजे कोअर नव्हे. छातीखालपासून खुब्यापर्यंत सगळ्या बाजूंनी कण्याला आवळून धरणारे स्नायू म्हणजे कोअर. पोटाच्या सगळ्यात आतला ट्रान्सव्हर्स अ‍ॅब्डॉमिनिस कमरेला उपरणं गुंडाळावं तसा आडवा फिरतो. त्याच्यावर तिरके ऑब्लिक. मागे मणक्या-मणक्याला जोडणारे छोटे मल्टिफिडस. वर झाकणासारखं श्वासपटल आणि खाली तळाला ओटीपोटाचे स्नायू. हा सगळा मिळून एक डबा आहे, आणि त्याचं मुख्य काम कणा वाकवणं नाही, तर हातपाय जोर लावत असताना कणा हलू न देणं हे आहे.

कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात स्टुअर्ट मॅकगिल यांनी अनेक वर्षं पाठीच्या कण्यावर संशोधन केलं. त्यांच्या मोजमापानुसार एका सिट-अपला कमरेच्या मणक्यांवर साधारण ३३०० न्यूटनचा दाब येतो, म्हणजे सव्वातीनशे किलोहून जास्त वजनाचा. आधीच फुगलेल्या गादीवर मी रोज शंभर वेळा तो देत होतो. त्यांनीच निवडलेले तीन व्यायाम मला दिले गेले:

पहिला, कर्ल-अप. पाठीवर झोपायचं, एक गुडघा दुमडलेला, एक पाय सरळ. दोन्ही तळहात कमरेच्या पोकळीखाली, म्हणजे कंबर जमिनीला चेपली जात नाही. मग डोकं आणि खांदे एकत्र, जमिनीपासून जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर उचलायचे. मान पुढे वाकवायची नाही. बघणाऱ्याला वाटतं हा काहीच करत नाहीये. पोटाला विचारा!

दुसरा, साइड प्लँक. कुशीवर झोपून कंबर वर उचलून धरायची, कोपर बरोबर खांद्याखाली. सुरुवातीला गुडघे दुमडून, त्यावर भार ठेवून. मी पूर्ण पाय सरळ करायला सहा आठवडे घेतले.

तिसरा, बर्ड डॉग. हात-गुडघ्यांवर घोडा व्हायचं आणि उजवा हात पुढे, डावा पाय मागे. पाय कमरेच्या वर न्यायचा नाही. ताईंनी माझ्या कमरेवर पाण्याचा अर्धा भरलेला पेला ठेवला होता. पहिल्या दिवशी तो तिसऱ्या सेकंदाला सांडला.

प्रत्येक वेळी दहा सेकंद धरायचं, सोडायचं, परत. आधी सहा वेळा, मग चार, मग दोन. श्वास चालू ठेवायचा. पोट आत ओढायचं नाही. कोणी पोटात गुद्दा मारणार आहे म्हटल्यावर आपण जसं चहूबाजूंनी घट्ट होतो तसं, पण हलकं. रोज पंधरा मिनिटं. दुसऱ्या महिन्यात पायातली कळ गेली, चौथ्यात कमरेचा पट्टा सुटला. गेल्या रविवारी मुलीबरोबर पांडवलेणीच्या पायऱ्या न थांबता चढलो.

अजून एक सांगायचं राहिलं, आणि माझ्या मते तेच सगळ्यात महत्त्वाचं. रात्री झोपेत मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगतात. सकाळी आपण थोडे उंच असतो ते यामुळेच. त्या ताठर अवस्थेत वाकलं की गादीवर ताण फार येतो. म्हणून उठल्यावर पहिला तासभर खाली वाकायचं नाही आणि व्यायामही नाही. माझी कंबर अडकली ती सकाळी सव्वासहाला, फर्स्ट शिफ्टच्या घाईत. आता बेसिनसमोर एक पाय पाटावर ठेवतो आणि खुब्यातून झुकतो.

तुमचे अनुभव लिहा.

---

द्राक्षमळा | ७ जून, रात्री १०.२५

दादा, निफाड तालुक्यातून लिहितोय. साडेतीन एकर थॉमसन द्राक्षं. तुम्ही लिहिलेलं वाचलं आणि आमच्या मांडवाची आठवण झाली. बागेत ओळीच्या टोकाच्या अँगलला मागून ताण दिलेला असतो. तो ताण सैल पडला की अँगल कितीही जाड असू द्या, घडांचं वजन आलं की अख्खी ओळ झुकते. तुम्ही म्हणता तो कोअर म्हणजे हा ताणच झाला ना?

माझी अडचण वेगळी आहे. आमचं काम अर्धं वाकून आणि अर्धं हात वर करून. छाटणीला, विरळणीला तासन् तास मान वर आणि हात वर. मग हार्वेस्टिंगला वीस-वीस किलोचे क्रेट. दोन वर्षं झाली, संध्याकाळी कंबर धरते. ऑक्टोबर छाटणीच्या आत काहीतरी करायचं आहे. शेतकऱ्याला व्यायाम कशाला, दिवसभर कष्टच असतात, असं घरचे म्हणतात.

---

सीएनसी_अंबड | ७ जून, रात्री १०.५०

भाऊ, मांडवाचं उदाहरण तंतोतंत बसतं. आणि ताण एकाच बाजूनं दिला तर अँगल त्याच बाजूला ओढला जाईल, म्हणून नुसत्या पोटाचा व्यायाम पुरत नाही. पुढून, मागून, दोन्ही कुशींनी.

---

फिजिओ_कॉलेजरोड | ८ जून, सकाळी ७.१५

मी या क्षेत्रात अठरा वर्षं आहे. धागाकर्त्यांनी बरंच नेमकं लिहिलं आहे. काही गोष्टी जोडते.

द्राक्षमळा, कष्ट आणि व्यायाम यात फरक आहे. कष्टात काम पूर्ण होणं महत्त्वाचं, त्यामुळे शरीर सोपी वाट शोधतं: थकलेल्या स्नायूंना बाजूला ठेवून मणके आणि सांधे यांच्यावर भार टाकतं. तुम्ही हात वर करून तासभर उभे राहता तेव्हा पोट सैल सुटतं, बरगड्या पुढे येतात आणि कमरेचा बाक वाढतो. संध्याकाळी दुखतं ते त्या बाकामुळे. १९९६ साली ऑस्ट्रेलियात पॉल हॉजेस आणि कॅरोलिन रिचर्डसन यांनी दाखवलं होतं की निरोगी माणूस हात उचलतो तेव्हा हात हलण्याच्या आधीच ट्रान्सव्हर्स अ‍ॅब्डॉमिनिस आकुंचन पावलेला असतो. कंबरदुखी असलेल्यांमध्ये तो उशिरा जागा होत होता. तुमचं काम तर दिवसभर हात उचलण्याचंच.

तुम्ही 'डेड बग' करा. पाठीवर झोपून हात छताकडे, गुडघे खुब्यांच्या वर काटकोनात. श्वास सोडत उजवा हात डोक्याकडे आणि डावी टाच जमिनीकडे न्या. कंबर जमिनीपासून सुटू लागली की तिथेच थांबा आणि परत या. हात वर असताना बरगड्या खाली कशा ठेवायच्या हे शरीर यातून शिकतं. बागेत दर वीस-पंचवीस मिनिटांनी हात खाली सोडून दोन लांब श्वास घ्या. क्रेट छातीशी धरून उचला, आणि फिरवायचा असेल तर पाय वळवा, कंबर पिळू नका.

आता सगळ्यांसाठी एक इशारा. कंबरदुखीबरोबर लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटणं, जांघेत आणि बैठकीच्या जागी बधिरपणा, पाऊल उचलता न येणं, ताप, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, कारण नसताना वजन घटणं, यातलं काहीही असेल तर व्यायाम बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

आणि एक प्रामाणिक गोष्ट. जुनाट कंबरदुखीवर कोअरचे व्यायाम उपयोगी पडतात, पण इतर नियमित व्यायामांपेक्षा ते फार वरचढ ठरतात असं अभ्यासांमध्ये दिसलेलं नाही. चालणं, पोहणं, योगासनं, वजनं यांचाही फायदा होतो. ज्याच्या दुखण्याला जे मानवतं आणि जे तो वर्षभर करेल, ते त्याचं औषध.

---

सायकल_गोदाकाठ | ८ जून, सकाळी ८.०५

थोडा वेगळा सूर लावतो. आमच्या ग्रुपमध्ये सगळे प्लँक (पालथं होऊन कोपरांवर अंग फळीसारखं धरणं) लावतात, माझा चार मिनिटांचा आहे. दहा सेकंदांत काय होणार? त्र्यंबकच्या चढावर कंबर मात्र अजूनही भरून येते हे खरं.

---

फिजिओ_कॉलेजरोड | ८ जून, दुपारी १.३०

चौथ्या मिनिटाला कोणाला तरी बाजूने फोटो काढायला सांगा. बहुतेक वेळा कंबर झोळीसारखी खाली आलेली असते आणि माणूस स्नायूंवर नाही, सांध्यांवर लटकत असतो. दहा सेकंद धरून सोडलं की स्नायूला परत रक्त मिळतं आणि पुढची फेरीही तितक्याच शुद्ध स्थितीत होते. थकव्यात चुकीची स्थिती पक्की करण्यापेक्षा हे बरं.

चढावर कंबर भरून येते त्याचं कारण बहुधा कुल्ल्यांचे स्नायू कमी पडत असावेत. ग्लूट ब्रिज जोडा: पाठीवर झोपून, गुडघे दुमडून, टाचांवर जोर देत बैठक उचलायची. मांडीच्या मागे गोळा येत असेल तर टाचा थोड्या जवळ घ्या.

---

सायकल_गोदाकाठ | ९ जून, रात्री ९.१०

फोटो काढला. तुम्ही म्हणता तसंच आहे. दोन मिनिटांनंतरच कंबर खाली जायला लागली होती. उद्यापासून दहा सेकंदांवर येतो.

यावरून आपल्या जिल्ह्याचा दत्तू भोकनळ आठवला, चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकट्यानं नाव वल्हवली आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नावेत सुवर्ण मिळवलं. लोक म्हणतात वल्हवणं हाताचं काम. खरं तर जोर पायांनी लावायचा असतो आणि तो वल्ह्यापर्यंत पोचतो धडातून. मधलं धड ढिलं असेल तर पायांचा जोर वाटेतच विरतो. सायकलला हेच उलट दिशेनं लागू होतं, हे मला आता कळलं.

---

जुना_खांब | १० जून, संध्याकाळी ६.२०

मी शाळेत असताना आठ वर्षं मल्लखांब केला. तुमचं सगळं वाचताना वाटलं, अरे, हे तर आपल्याकडे होतंच. खांबाला पायांची अढी घालून हात सोडले की शरीराला धरणारं दुसरं काय असतं? दोन्ही हातांनी खांब धरून अंग झेंड्यासारखं आडवं करायचं, तो साइड प्लँकचा थोरला भाऊच. आणि खांबावर जरा जरी कंबर ढिली सोडली तर एरंडेल लावलेल्या खांबावरून माणूस सरळ खाली.

द्राक्षमळा, तुमच्याच तालुक्यातलं कोठुरे हे बाळंभटदादा देवधरांचं गाव. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारी असलेल्या या माणसानं मल्लखांबाला नवा जीव दिला. सप्तशृंगगडावर देवीची उपासना करताना त्यांना खांबावर खेळणाऱ्या मारुतीचं दर्शन झालं अशी आख्यायिका आमचे सर सांगायचे. बाराव्या शतकातल्या मानसोल्लास या ग्रंथातही मल्लखांबाचा उल्लेख आहे, म्हणजे विद्या त्याहून जुनी.

नाशिकच्या यशवंत व्यायामशाळेसारख्या ठिकाणी मुलांना अजून मल्लखांब शिकता येतो. चाळिशीनंतर खांबावर चढा असं मी कोणाला म्हणणार नाही, पण घरात आठ-दहा वर्षांचं पोर असेल तर एकदा नेऊन दाखवा. त्या वयात कमावलेलं धड आयुष्यभर पुरतं, हे मी स्वतःवरून सांगतो.

---

आई_गंगापूररोड | ११ जून, दुपारी ३.००

इथे विचारू की नको असं झालं होतं. दीड वर्षापूर्वी सिझेरियन झालं. झोपेतून सरळ उठताना पोटाच्या मधोमध उभा उंचवटा येतो. जोरात हसले किंवा शिंकले तर थोडी लघवी होते. सासूबाई म्हणतात, बाळंतपणानंतर असं चालायचंच. पोट कमी व्हावं म्हणून मीही मोबाइलवर बघून सिट-अप्स करत होते.

---

फिजिओ_कॉलेजरोड | ११ जून, रात्री ८.४५

ताई, बरं झालं विचारलंत. अशा दोन्ही तक्रारी घेऊन माझ्याकडे कितीतरी जणी येतात, आणि बहुतेकींनी वर्षानुवर्षं कोणाला सांगितलेलं नसतं. चालायचंच म्हणून सोडून देऊ नका.

पोटाच्या दोन उभ्या स्नायूंना मधे जोडणारी पट्टी गरोदरपणात ताणली जाते. काहींची ती पुरेशी परत येत नाही. पाठीवर झोपून, गुडघे दुमडून, डोकं किंचित उचला आणि बेंबीच्या वर-खाली बोटं आडवी ठेवून खाच बघा. दोन बोटांपेक्षा रुंद असेल, किंवा बोटं खोल बुडत असतील, तर एकदा प्रत्यक्ष तपासून घ्या. सिट-अप्स आजपासून बंद, कारण प्रत्येक वेळी तो उंचवटा बाहेर ढकलला जातो. अंथरुणातून सरळ उठायचं नाही. कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे, हातानं रेटत उठायचं.

सुरुवात श्वासापासून करा. पाठीवर झोपून श्वास घ्या, बरगड्या बाजूला पसरू द्या. श्वास सोडताना लघवी रोखल्यासारखं तळातून हलकं वर ओढा, पाच सेकंद, मग तितकाच वेळ पूर्ण सैल सोडा. सैल सोडणं निम्मं काम आहे. हा सराव प्रत्यक्ष लघवी करताना करू नका. नंतर त्याच श्वासावर एक टाच जमिनीवरून हळूच पुढे सरकवा आणि परत आणा. बाळाला उचलताना आधी श्वास सोडायला लागा, मग उचला. श्वास कोंडून उचललं की सगळा दाब खाली जातो.

पोट कमी होण्याबद्दल: पोटाच्या व्यायामानं पोटावरचीच चरबी जळते असं होत नाही. ते खाणं, झोप आणि एकूण हालचालीवर आहे. बाळ दीड वर्षाचं असताना आरशाचा विचार थोडा बाजूला ठेवा, आधी शिंक कोरडी होऊ दे.

---

आई_गंगापूररोड | ११ जून, रात्री ११.१०

वाचून रडू आलं. पहिल्यांदाच कोणीतरी नीट समजावून सांगितलं. पुढच्या आठवड्यात तपासून घेते.

---

निवृत्त_जेलरोड | १३ जून, सकाळी ६.३०

प्रेसमधून निवृत्त होऊन आठ वर्षे झाली. वय ६८. चाळीस वर्षे पहाटे बारा सूर्यनमस्कार घालतो. वर पहिला तास वाकू नये असे वाचले, त्यामुळे चिंतेत पडलो. हाडांची घनता कमी आहे असे मागच्या तपासणीत निघाले आहे. सूर्यनमस्कार सोडून द्यावेत का? मनाला पटत नाही.

---

फिजिओ_कॉलेजरोड | १३ जून, सकाळी १०.००

काका, सोडू नका, बदला. उठल्यावर आधी चहा, फेरफटका, मग तासाभरानं नमस्कार. हाडं विरळ झालेली असताना पाठ गोल करून पुढे वाकणं टाळायला हवं. मणक्यांची हाडं विरळ झालेल्या स्त्रियांवर मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी केलेला एक अभ्यास १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्यांमध्ये मणक्यांचे नवे अस्थिभंग मागे ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा बरेच जास्त आढळले होते. म्हणून पादहस्तासनात हात जमिनीला टेकवण्याचा आग्रह नको. गुडघे सैल, पाठ सरळ, हात मांडीवर किंवा समोर खुर्चीवर. भुजंगासन चालेल, झटका न देता. हात-पायांवर अंग फळीसारखं धरण्याची स्थिती मात्र दोन श्वास जास्त धरा, कोअरचं काम तिथेच होतं. रक्तदाब असेल तर श्वास कुठेही कोंडू नका.

---

निवृत्त_जेलरोड | १३ जून, सकाळी १०.४०

आभारी आहे. खुर्ची ठेवून केले. बाराच घातले.

---

सीएनसी_अंबड | २२ जून, रात्री ९.१५

घरच्या घरी करण्यासारखा एक व्यायाम जोडतो, तिसऱ्या महिन्यात मला दिला होता. एका हातात पाण्यानं भरलेली बादली घेऊन चालायचं, दुसरा हात रिकामा. बादलीकडे झुकायचं नाही आणि उलट बाजूलाही नाही. वीस पावलं गेलं की हात बदलायचा. अर्ध्या बादलीनं सुरू करा. भार एका बाजूला असल्यानं विरुद्ध बाजूच्या कुशीला कणा सरळ ठेवायला झटावं लागतं. लहानपणी गावी आजी कळशी कमरेवर घेऊन नदीवरून यायची आणि तिची पाठ शेवटपर्यंत ताठ होती, ते आठवतं.

दुसरं, खुब्यातून वाकायला शिकण्यासाठी झाडूची लांब काठी पाठीवर उभी धरा. डोक्याचा मागचा भाग, पाठीचा वरचा भाग आणि माकडहाड, तिन्ही ठिकाणी काठी टेकलेली ठेवून वाका. एक जागा सुटली की समजायचं कंबर वाकली. मी शॉपमध्ये आमच्या तिन्ही शिफ्टच्या पोरांना हे करायला लावलं. पहिल्या दिवशी सतरापैकी दोघांनाच जमलं.

---

द्राक्षमळा | १६ नोव्हेंबर, रात्री ८.००

मंडळी, पाच महिन्यांनी येतोय. ऑक्टोबर छाटणी पार पडली. जूनपासून रोज रात्री जेवणाआधी डेड बग, साइड प्लँक, बर्ड डॉग. पावसाळ्यात आठ-दहा दिवस खंड पडला आणि दुखणं परत डोकावलं, तेव्हापासून चुकवलं नाही. आता संध्याकाळी कंबर थकते, पण धरत नाही. पट्टा खुंटीला आहे.

बागेत मोबाइलला पंचवीस मिनिटांचा गजर लावला. वाजला की सगळ्यांनी हात खाली सोडायचे. पहिल्या आठवड्यात मजूर बायका हसल्या, आता गजर राहिला तर त्याच ओरडून सांगतात. काम कमी झालं नाही, उलट शेवटच्या दोन तासांत पूर्वीसारखं रेंगाळत नाही.

पुढच्या महिन्यात घरच्या उन्हाळ कांद्याची लागवड आहे. त्यात बाई पाच-सहा तास पूर्ण वाकलेली असते, तिथं खुब्यातून वाकूनही किती वेळ निघणार? ताई, त्याला काही सुचवाल का?

---

फिजिओ_कॉलेजरोड | १७ नोव्हेंबर, सकाळी ७.३०

दादा, त्या कामात चांगली स्थिती नाहीच, म्हणून स्थिती बदलत राहणं हाच उपाय. वाफ्याचं एक टोक वाकून, दुसरं उकिडवं बसून, तिसरं एक गुडघा टेकून. गजर तिथे पंधरा मिनिटांचा लावा. वाजल्यावर उभं राहून हात कमरेवर ठेवायचे आणि पाच-सहा वेळा हळूच मागे झुकायचं. दुपारच्या भाकरीनंतर लगेच वाकायचं नाही, दहा मिनिटं बांधावर चालून मग वाफ्यात उतरायचं. रोपांची पाटी एकाच हाताला राहू देऊ नका.

---

द्राक्षमळा | १७ नोव्हेंबर, सकाळी ७.५०

गुडघा टेकायला पोत्याचे तुकडे शिवून ठेवतो. लागवड झाली की कळवतो.